दोन बोटांचं अंतर

"भिंतीला टेक," सर म्हणाले. "डोकंसुद्धा."

मी डोकं टेकवलं. शाळेच्या हॉलची भिंत पहाटे गार असायची आणि तिचा चुना केसांना लागायचा. सर एका पावलावर उभे राहिले. उजवी मूठ कमरेशी नेली आणि मला काही कळायच्या आत ती माझ्या तोंडासमोर आली. नाकाला घासली आणि मग थांबली.

"लागली, सर."

"नाही लागली."

"हाडावर. थोडीशी."

सरांनी हात खाली घेतला. माझ्या नाकाकडं मान जराशी तिरपी करून पाहिलं. अलीकडं ते असंच पाहायचे.

"श्वास रोखून धरतोस. छाती फुगते, मग तोंड पुढं येतं. सोड श्वास. पुन्हा."

मी श्वास सोडला. मूठ पुन्हा आली. या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता?"

"आता नाही लागली," मी म्हणालो.

दस्तगीर मुजावर सर या फेब्रुवारीत गेले. इचलकरंजीत त्यांनी चार दशकं कराटे शिकवलं. शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. बोलणाऱ्या प्रत्येकानं एक वाक्य हमखास म्हटलं: सरांची मूठ विजेसारखी यायची, पण कधी कुणा विद्यार्थ्याला लागली नाही. शेजारी सरांची जुनी विद्यार्थिनी नंदाताई बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"बोलणार आहेस?"

"नाही."

"नकोच बोलू," ती म्हणाली.

ते वाक्य बरोबर नव्हतं, हे त्या हॉलमध्ये आम्हा दोघांनाच माहीत होतं.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची आहे. सर नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते. दिवसा सायकलवरून फिरून गल्ल्यांचे व्हॉल्व्ह सोडायचे आणि पहाटे व संध्याकाळी वर्ग घ्यायचे. तरुणपणी मुंबईच्या गोदीत नोकरी करताना एका बर्मी माणसाकडून ते कराटे शिकले होते. कुस्तीच्या मुलखात कराटेला कोण विचारतो? आमच्या हॉलसमोरच तालीम होती. तिथले पैलवान अंगाला माती लावून दारात उभे राहायचे आणि आम्हाला बघून म्हणायचे, "हवेत बुक्क्या मारून डास तरी मरत्यात का रं?" सर त्यांना रोज नमस्कार करायचे. उत्तर वर्षातून एकदा द्यायचे, वर्गाच्या वर्धापनदिनाला.

त्या दिवशी पटांगणात मंडप घालून कार्यक्रम व्हायचा. कौलं फोडणं, लाथांचे प्रकार, लहान मुलींची कवायत असं सगळं होऊन गेलं की शेवटी 'उभं राहणं' असायचं. ज्याला त्या वर्षी काळा पट्टा मिळायचा, तो स्टेजच्या मधोमध उभा राहायचा. सर समोरून पूर्ण ताकदीनं त्याच्या तोंडावर ठोसा टाकायचे आणि नाकापासून दोन बोटांवर थांबवायचे. मग नंदाताई पुढं यायची. सरांची पहिली काळा पट्टावाली तीच. ती आपली दोन बोटं मूठ आणि नाक यांच्यामध्ये घालून लोकांना दाखवायची. बोटं नेमकी बसायची. सुई पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि मग टाळ्या. उभं राहणाऱ्याला एकच नियम होता. हलायचं नाही. पापणी लवली तरी चालेल, पण मान हलली की पट्टा नाही. बाकी सगळ्या परीक्षा तो आधीच पास झालेला असायचा, ही शेवटची.

त्या वर्षी उभं राहणारा मी होतो. बावीस वर्षांचा होतो आणि बारावीनंतर काही न करता फिरत होतो. पन्हाळ्याकडच्या एका निवासी शाळेला कराटे शिक्षक हवा होता. राहणं, जेवण, पगार. त्यांची अट होती काळ्या पट्ट्याची, आणि जूनच्या आत. माझे वडील, आण्णा, कापडाच्या मागांच्या एका कारखान्यात जॉबर होते. बिघडलेले माग दुरुस्त करायचे. त्यांनी मला तिथंच सुताच्या कांड्या भरायला लावायचं कधीच ठरवलं होतं.

"बुक्की शिकायची आणि ती मारायची न्हाई," ते म्हणायचे. "हे कसलं रं शिक्षण, महाव्या? ह्याला पगार देतंय कोण?"

"शाळा देणार आहे, आण्णा."

"पट्टा दिला तर."

"मिळणार की पट्टा."

"मग मिळंपर्यंत चाराला उठताना आईला उठवत जाऊ नगंस."

सराव पहाटे, वर्ग सुरू व्हायच्या आधी, फक्त आम्ही दोघंच करायचो. पहिले दोन आठवडे मूठ बरोबर थांबली. नंतर वारा जवळ आल्यासारखा वाटायला लागला. मग एक दिवस ती लागली. दुसऱ्या दिवशीही लागली. तिसऱ्या दिवशी सरांनी मला भिंतीला टेकवून उभं केलं, म्हणजे मी पुढं झुकतो का ते कळेल. भिंतीला टेकलेला माणूस पुढं झुकत नाही. तरी मूठ लागत होती आणि सरांना ते पटत नव्हतं.

आणखी एक गोष्ट मी पाहिली होती. सरावानंतर आम्ही कोपऱ्यावरच्या टपरीत चहा घ्यायचो. सर चहा बशीत ओतून प्यायचे. हल्ली त्यांची धार बशीच्या कडेवर पडायची आणि थोडा चहा टेबलावर जायचा. टपरीवाला फडकं मारायचा आणि म्हणायचा, "मामू, लक्ष कुठं हाय तुमचं? पाणी कुठल्या गल्लीत सोडायचं याचा इचार चाललाय व्हय?" सर हसायचे. मी हसत नसे.

नंदाताई बालवाडीत शिकवायची. एका संध्याकाळी वर्ग सुटल्यावर ती सायकलचं कुलूप काढता काढता थांबली.

"नाकाला काय झालंय?"

"सर्दी."

"सर्दीनं शेंडा लाल होतो. हाड सुजत नाही. मी दिवसभर चाळीस नाकं पुसते, मला नको सांगू."

मी तिला सांगितलं. तिनं सायकल परत स्टँडला लावली.

"सरांची मूठ? शुद्धीवर आहेस का? मी उभी राहिले तेव्हा मला नुसता वारा लागला होता."

"मला हात लागतो, ताई. रोज."

"पुढं येत असशील."

"भिंतीला टेकून?"

समोर तालमीत कुणीतरी जोर काढताना मोठ्यानं हुंकार देत होतं.

"त्यांना सांगितलंस?"

"दोनदा. श्वास सोड म्हणाले."

"मग आणखी कोण सांगणार?" ती म्हणाली. "मी नाही. तुला कळतंय का, त्यांच्याकडं दुसरं काय आहे? पाणीपुरवठ्यातल्या माणसाला गावात कोण ओळखतं? त्यांना ओळखतात ते या एका मुठीमुळं. माझ्यासारख्या मुलींना त्यांच्या आया वर्गाला पाठवतात त्या कशाच्या भरवशावर? मुजावरांचा हात लागत नाही, या भरवशावर."

"मग मी काय करू?"

"हलायचं नाही."

"आणि नाक फुटलं तर?"

"नाकाचं सोड, नाक जुळतं. पण स्टेजवर रक्त आलं तर सर दुसऱ्या दिवशी वर्ग बंद करतील. मी त्यांना ओळखते." तिनं सायकल काढली. पेडलवर पाय ठेवून पुन्हा थांबली. "आणि हललास तर तुझी ती शाळा गेली. तूच बघ बाबा."

कार्यक्रमापर्यंत मला एवढंच बघायचं होतं. उभा राहिलो तर पट्टा माझा, पण सरांची मूठ सगळ्या गावासमोर चुकणार. हललो तर मूठ चुकली हे कुणाला कळणार नाही, पण पट्टा जाणार. सरांनी माझं ऐकलं असतं तर तिसरी वाट होती. आदल्या दिवशी मी पुन्हा प्रयत्न केला.

"सर, उद्या थोडं लांबून टाकला तर?"

"का?"

"लोकांना मूठ चांगली दिसेल."

"लोकांना दोन बोटं दिसतात. तेवढी पुरेत," सर म्हणाले. "जेवून ये उद्या. रिकाम्या पोटी चक्कर येते."

मंडप भरला होता. पहिल्या रांगेत पाहुणे, दुसऱ्या रांगेत तालमीचे पैलवान. त्यांना सरांनी स्वतः जाऊन आमंत्रण दिलेलं असायचं. आण्णा आयुष्यात पहिल्यांदा आले होते. धुतलेला पांढरा शर्ट घातला होता, पण केसांतून कापसाची धूळ काही गेलेली नव्हती. अध्यक्ष म्हणून आलेले, सुताला खळ देणाऱ्या सायझिंग कारखान्याचे एक मालक भाषणात दोनदा 'कुंफू' म्हणाले. सरांनी ते दोन्ही वेळा मान झुकवून ऐकून घेतलं.

मग नंदाताईनं माझं नाव पुकारलं. मी स्टेजच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. मागं भिंत नव्हती. बाजूच्या टेबलावर ताटात काळा पट्टा घडी करून ठेवला होता आणि त्यावर हार होता. सर समोर आले. आम्ही एकमेकांना वाकून नमस्कार केला.

"बघ बघ, आता बुक्की हाणतंय," दुसऱ्या रांगेतून आवाज आला.

"हाणत न्हाई रं. तेच तर हाय."

सरांनी मूठ कमरेशी नेली. त्यांचा उजवा खांदा जरासा दबला. ठोसा निघायच्या आधी तो दबायचा, हे इतक्या सकाळी बघून बघून मला पाठ झालं होतं. तो दबला आणि मी मान मागं घेतली.

फार नाही. पण मंडपात एवढ्या शांततेत तेवढंही दिसलं.

"हालला!" पैलवानांपैकी कुणीतरी ओरडलं. "मान मागं घेतली बघ गड्यानं!"

हशा झाला. शिट्ट्या आल्या. सरांची मूठ माझ्या तोंडासमोर हवेत थांबलेली होती. ठरल्याप्रमाणं नंदाताई पुढं आली. हसणं चालूच होतं तरी तिनं दोन बोटं मूठ आणि नाक यांच्यामध्ये घातली. बोटं नेमकी बसली. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पटकन नजर वळवली. सर तिच्या बोटांकडं पाहत होते. मान तिरपी करून, बराच वेळ.

मग त्यांनी मूठ खाली घेतली, मला वाकून नमस्कार केला आणि माइककडं गेले.

"यंदा पट्टा नाही," ते म्हणाले. "कार्यक्रम संपला. सगळ्यांनी चहा घेऊन जावं."

घरी जाताना आण्णा सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होते. चौक ओलांडल्यावर त्यांनी विचारलं.

"घाबरलास व्हय?"

"व्हय."

"मग काय झालं त्यात. मी बी मालकाला घाबरतो. रोज घाबरतो." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "सोमवारपासनं ये मागावर. आणि ती पोरं शिट्ट्या मारत हुती, ती कुणाची हुती रं? त्यातल्या एकाच्या बापाचा माग माझ्याकडं येतोय दुरुस्तीला. येऊ दे त्याला."

मी सोमवारपासून कांड्या भरायला लागलो. वर्गाला गेलो नाही. जून जवळ आला आणि त्या शाळेनं जयसिंगपूरचा एक मुलगा घेतला, असं कळलं. नंदाताई एकदा आमच्या घरी आली. सर मिरजेला गेलेत, वर्ग तीच घेते, एवढं आईला सांगून आणि चहा न घेता गेली.

मागांच्या शेडमध्ये कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. तिथं सगळे हातवाऱ्यांनी बोलतात. त्यामुळं एका दुपारी सर आत आले ते मला कळलंच नाही. मान वर केली तर ते समोर उभे होते. पाणीपुरवठ्याचा खाकी शर्ट अंगात, व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी हातात. त्यांनी माझ्याकडं बोट केलं, मग दाराकडं. पलीकडून आण्णांनी पाहिलं आणि हात हलवून 'जा' म्हणाले.

आम्ही शाळेच्या हॉलवर आलो. सुट्टी लागलेली होती, बाकं एका बाजूला रचून ठेवली होती. सरांनी चावी दाराशी उभी केली.

"वडिलांना सांगितलंस, घाबरलो म्हणून."

"कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. मी घरी गेलो होतो तुझ्या. घाबरलं पोरगं, त्याला रागावू नका म्हणाले." सरांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. "मलाही तेच सांगणार होतास?"

मी खाली बघून माझ्याही चपला काढल्या.

"घाबरलेला माणूस आधी डोळे मिटतो, मग मान मागं घेतो," सर म्हणाले. "उलटं होत नाही. एवढी मुलं माझ्यासमोर उभी राहिली, उलटं कधी पाहिलं नाही. तुझे डोळे सताड उघडे होते."

"सर—"

"ऐक. तू हललास, तरी नंदाची दोनच बोटं बसली. मग तू हलला नसतास तर किती बसली असती?"

हे गणित माझं केव्हाच करून झालं होतं. त्यांचंही झालं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"डाव्या डोळ्यात काही उरलेलं नाही," ते म्हणाले. "साखर. मिरजेचा डॉक्टर पोरगाच आहे, तुझ्याहून थोडा मोठा. म्हणाला, चाचा, एका डोळ्यानं माणूस दिसतो, पण अंतर दिसत नाही. मी म्हटलं, बाळा, मला तेवढंच दिसायला हवं होतं."

ते थोडं हसले. मला हसू आलं नाही.

"तू मला सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. ती चूक माझी. पण पट्टा नाही मिळणार. हलायचं नाही, हा नियम आहे. का हलला, हे नियमात बसत नाही. तुझ्या त्या शाळेलाही मी काही कळवलं नाही."

"त्यांनी दुसरा घेतला, सर."

"माहीत आहे." मग त्यांनी विचारलं, "राग आला?"

"आला."

"कुणाचा?"

"तुमचा."

"बरं," सर म्हणाले. ही त्यांची शाबासकी होती की नुसता हुंकार, ते मी ठरवू शकलो नाही. "आता काम ऐक. पुढच्या वर्धापनदिनाला उभं राहणं होईल. मूठ मी टाकणार नाही. तू टाकणार. मी लोकांना सांगेन की डोळा गेला, म्हणून मुलगा टाकतो. यात लपवायचं काय?"

"मी, सर? माझ्याकडं पट्टाच नाही."

"तोपर्यंत पुन्हा परीक्षा देशील. पास झालास तर असेल. आणि त्या दिवशी पोरगं समोर उभं करण्याआधी तुझा हात मला बघायला हवा. तुझी दोन बोटं म्हणजे किती, ते मला माहीत नाही."

ते भिंतीकडं गेले. वळले. पाठ टेकवली, मग डोकंही टेकवलं. चुना त्यांच्या पांढऱ्या केसांना लागला असणार, पण तो दिसला नसता. इतक्या वर्षांत सरांना भिंतीशी उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बाकी कुणी पाहिलं असेल असंही वाटत नाही.

"टाक."

"सर, डावीकडून आलेलं तुम्हाला दिसणार नाही."

"दिसायचं तुला आहे. मला फक्त उभं राहायचंय. टाक."

मी एक पाऊल अंतर घेतलं. मूठ कमरेशी नेली. ते माझ्याकडं पाहत होते, उजवा डोळा माझ्यावर आणि डावा कुठंतरी माझ्या खांद्यापलीकडं. कांड्या भरून माझ्या बोटांची सालं निघालेली होती. मी ठोसा टाकला. सरांची मान हलली नाही, पापणीही हलली नाही.

मूठ कुठं थांबली ते त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी उजवा हात वर केला, माझी मूठ चाचपली आणि ती व आपलं नाक यांच्यामध्ये बोटं घातली. एक घातलं, दुसरं घातलं. मग तिसरं. मग चौथंही बसलं.

"चार," ते म्हणाले. "घाबरलास."

"हो, सर."

"आता खरं बोललास. पुन्हा."

त्यांनी हात खाली सोडला आणि डोकं परत भिंतीला टेकवलं.